फ्लॅट बघतो तसा देश बघावा

पुण्यात टू बीएचके घ्यायला निघालेला माणूस काय काय विचारत नाही? कॉर्पोरेशनचं पाणी किती तास येतं, मे महिन्यात टँकर किती लागतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, स्वयंपाकघरात ऊन सकाळी येतं की दुपारी, शाळेची बस गेटपर्यंत येते की मुलांना कोपऱ्यावर उभं करावं लागतं, वरच्या मजल्यावर कोण राहतं. एकाच फ्लॅटला चार फेऱ्या होतात. एक रविवारी निवांत, एक मुद्दाम ऑफिस सुटायच्या वेळी, एक भर पावसात आणि शेवटची आईवडिलांना घेऊन. एवढं करूनही बिल्डरला 'कळवतो' म्हणून घरी येतो.

हाच माणूस देश मात्र एका संध्याकाळी निवडतो. एका रकान्यात पगार, शेजारी विनिमय दर, खाली बेरीज. फार तर मावसभाऊ तिकडे 'सेटल' आहे, एवढा आधार. मावसभाऊ कोणत्या साली गेला, कोणत्या व्हिसावर, तेव्हा त्याचं वय काय होतं, पदरी मूल होतं का, हे कुणी विचारत नाही. २०१२ साली पाठीवर एक सॅक टाकून गेलेला एकटा मुलगा आणि आज नऊ वर्षांची मुलगी घेऊन निघालेलं जोडपं, दोघांच्या पासपोर्टवर शिक्का एकाच देशाचा बसेल. बाकी त्यांच्यात काही सारखं नाही.

एक घर डोळ्यांसमोर आणू. काल्पनिकच, पण कर्वेनगरच्या कुठल्याही सोसायटीत सापडेल असं. नवरा ३६ वर्षांचा, हिंजवडीत गाड्यांचं एम्बेडेड सॉफ्टवेअर लिहिणारा. बायको ३४ वर्षांची, डेंटिस्ट, स्वतःचा छोटा दवाखाना. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. नवऱ्याची आई ६८ वर्षांची, मधुमेहाची गोळी चालू, वडील नाहीत. अशा घरात चर्चेची सुरुवात हमखास नवऱ्यापासून होते, कारण व्हिसा त्याच्या नोकरीवर मिळणार. माझ्या मते त्याचा नंबर सगळ्यांत शेवटी लागायला हवा. त्याचं काम म्युनिकमध्ये मिळेल, कॅनडातल्या विंडसरमध्ये मिळेल, मेलबर्नमध्ये थोडं खटपटीनं मिळेल. अडणार आहे ते बाकी तिघींचं.

आधी डेंटिस्ट बाई. डॉक्टर, डेंटिस्ट, नर्स, शिक्षक, वकील, आर्किटेक्ट ही परवान्याची कामं. दाढेतला कीड लागलेला भाग जगभर एकाच पद्धतीनं काढतात, पण तो कुणी काढायचा हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. कॅनडात एनडीईबीच्या परीक्षांची मालिका आहे, ऑस्ट्रेलियात एडीसीची लेखी आणि मग प्रात्यक्षिक, ब्रिटनमध्ये ओआरई नावाची परीक्षा आहे आणि तिथे अभ्यासाइतकीच दमछाक जागा मिळवताना होते. लेखी भागासाठी काही वेळा देश सोडावा लागत नाही. प्रात्यक्षिक मात्र तिथेच जाऊन द्यावं लागतं, आणि तोपर्यंतचा खर्च आरामात लाखांत जातो. जर्मनीत आधी बी-टू पातळीची जर्मन (भाषेच्या सहा पायऱ्या असतात, ए-वन सगळ्यांत खालची, सी-टू सगळ्यांत वरची), त्यावर दंतवैद्यकाच्या भाषेची वेगळी सी-वन दर्जाची परीक्षा, मग 'अप्रोबात्सिओन' म्हणजे कायमचा परवाना. शून्यापासून धरलं तर नुसत्या भाषेलाच दीड-दोन वर्षं. ऐकायला भयंकर वाटतं. पण यातली पहिली बी-वनपर्यंतची चढण पुण्यात बसून चढता येते. बोट क्लब रोडवर मॅक्सम्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, संध्याकाळचे वर्ग असतात आणि दवाखाना बंद करावा लागत नाही.

दवाखान्याची खुर्ची विकायची घाई तर अजिबात करू नये. इथे हमखास चूक होते. नवऱ्याचं ऑफर लेटर आलं की त्या उत्साहात दवाखाना उरकला जातो, आणि तिकडे गेल्यावर तिची पहिली दोन वर्षं डबे आणि शाळेच्या फेऱ्यांत जातात. नंतरची सगळी भांडणं याच दोन वर्षांतून उगवतात. बायको सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये किंवा अकाउंट्समध्ये असेल तर परवान्याची अडचण नाही, पण तरी व्हिसाचा प्रश्न उरतोच: जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं का? जर्मनीच्या ब्लू कार्डवर येतं, आयर्लंडच्या क्रिटिकल स्किल्स परमिटवर येतं, ब्रिटनच्या स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला येतं. अमेरिकेत एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराला ग्रीन कार्डची आय-१४० पायरी मंजूर होईपर्यंत साधारणपणे येत नाही. भारतात जन्मलेल्यांची तिथली रांग, एका देशाला एकूण व्हिसांपैकी सात टक्क्यांची मर्यादा आणि मूल एकविसाचं झालं की ते ढोबळमानानं पालकांच्या अर्जातून गळणं, हे सगळं एकत्र धरलं की नऊ वर्षांच्या मुलीच्या आईबापांनी बारा वर्षांचा हिशेब कागदावर मांडावा आणि मगच पुढे बोलावं. अमेरिकेबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही. तिथे जाणाऱ्याला कुणी थांबवू शकत नाही, आणि रांगेत उभ्या असलेल्याला सल्ला ऐकवत नाही.

आता मुलगी. वयापेक्षा तिची इयत्ता बघायची. सहा वर्षांचं मूल कुठेही टाका, सहा महिन्यांत ते तिथलं होतं. चौदा वर्षांचं मूल सगळ्यांत अवघड, कारण मित्र, भाषा आणि बोर्ड तिन्ही एकदम तुटतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी मात्र देशांत आणि एकाच देशाच्या राज्यांतही जो फरक पडतो, तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

जर्मनीत प्राथमिक शाळा चार वर्षांची. चौथीनंतर मुलांची विभागणी होते: विद्यापीठाकडे सरळ नेणारं गिम्नाझियम, मधली रिआलशूले, आणि कामधंद्याच्या शिक्षणाकडे वळणारी शाखा. काही राज्यांत शेवटचा शब्द पालकांचा असतो. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक जिथे आहे तिथे, गुणांचा. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते, आणि तिथे एक हा सर्वोत्तम गुण, सहा हा सर्वांत वाईट. पुण्याहून चौथीत गेलेल्या मुलीचं गणित पक्कं असेल, पण जर्मन भाषेत आणि परिसर अभ्यासात ती पहिल्या वर्षी काय करणार? परिसर अभ्यास म्हणजे त्यांच्या परिसराचा; सिंहगड-मुळशी तिथे चालत नाही. नंतर शाखा बदलता येते, सगळ्यांना एकत्र शिकवणाऱ्या गेझाम्टशूलेही असतात, त्यामुळे दार कायमचं बंद होत नाही. तरी दहाव्या वर्षी 'तुला जमलं नाही' हे ऐकलेलं मूल ते विसरत नाही.

बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये मात्र प्राथमिक शाळा सहा वर्षांची आहे. बर्लिनमध्ये भाषा न येणाऱ्या मुलांसाठी 'स्वागत वर्ग' असतात; तिथे भाषा शिकून मूल मुख्य वर्गात जातं. म्हणजे त्याच देशात, त्याच व्हिसावर, नुसतं शहर बदललं की मुलीला दोन वर्षं जास्त मिळतात. नवऱ्याला म्युनिकची ऑफर बर्लिनपेक्षा सहा हजार युरोंनी जास्त आली म्हणून हुरळून जाण्याआधी हे ताजव्यात टाकावं. म्युनिकचं भाडं त्या सहा हजारांतले बरेच तसेही खाणार आहे.

कॅनडात हा ताण नाही. ओंटारिओत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथे, जन्मसालावरून इयत्ता ठरते, घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते, इंग्रजीचा जादा तास लागला तर मिळतो. त्यामुळे तिथे भाड्याच्या घराची जाहिरात बघताना नकाशावर शाळेची हद्द आधी बघतात. रस्त्याच्या अलीकडे एक शाळा, पलीकडे दुसरी. क्युबेकमध्ये बाहेरून स्थायिक व्हायला आलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळेत फ्रेंच माध्यमच घ्यावं लागतं. हा कायदा १९७७ पासूनचा आहे, तरी माँट्रिआलच्या स्वस्त भाड्याला भुललेल्यांना तो दरवर्षी नव्यानं कळतो. ऑस्ट्रेलियात शाळेचं वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं. इथली एप्रिलची परीक्षा आटोपून गेलेलं मूल तिथे वर्षाच्या मध्यात पडतं. शिवाय न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात तात्पुरत्या वर्क व्हिसावाल्यांच्या मुलांना सरकारी शाळेतही फी भरावी लागू शकते. पगाराच्या हिशेबात ही ओळ बहुतेकांच्या कागदावर नसते.

शाळेवरून आठवलं, लसीकरणाचं कार्ड. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या पिवळ्या-निळ्या पुस्तिकेत बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर ब्रँडचं नाव, शेजारी पेनानं तारीख, आणि पावसात पुस्तिका भिजलेली असली तर तीही अर्धवट. तिकडच्या शाळेला ब्रँड कळत नाही, रोगाचं नाव हवं असतं. जर्मनीत मार्च २०२० पासून गोवराच्या दोन लसींचा पुरावा शाळेला द्यावा लागतो. ओंटारिओत २०१० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कांजिण्यांचाही द्यावा लागतो. म्हणून निघण्याआधी त्याच डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत तक्ता करून घ्यायचा: रोग, डोस, तारीख, सही, शिक्का. अर्ध्या तासाचं काम. पुण्यात असताना फुकट होतं, तिथून मागवताना नाकी नऊ येतात, आणि कधी कधी मुलीला लस पुन्हा टोचून घ्यावी लागते.

मग आई. इथे बहुतेक घरं शब्द फिरवतात. 'आईला नंतर नेऊ' म्हणतात. नंतर म्हणजे कोणत्या व्हिसावर?

कॅनडाचा सुपर व्हिसा आईवडिलांना एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू देतो. त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो, मुलाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर लागतं, आणि अडुसष्टाव्या वर्षी मधुमेहासह त्या विम्याचा हप्ता काय होतो हे आज बसून विचारून घ्यावं. आईला कायमचं रहिवासी करणं ही २०२५ पर्यंत लॉटरी होती, शब्दशः. २०२० साली नाव नोंदवलेल्यांतून चिठ्ठी काढत. ऑस्ट्रेलियात पैसे भरून लवकर जायचा पालक व्हिसा एका पालकामागे पन्नास हजार डॉलरच्या आसपास जातो, आणि त्याचीही रांग दहा वर्षांच्या पलीकडे. बिनपैशांच्या रांगेत उभं राहायला अडुसष्टची आई अठ्ठ्याण्णवची व्हावी लागेल. त्यातही आणखी एक चाळणी आहे: पालकांची निम्मी तरी अपत्यं ऑस्ट्रेलियात स्थायिक हवीत, किंवा इतर कुठल्याही एका देशातल्यापेक्षा तिथे जास्त हवीत. एकुलता एक मुलगा पास. दोघांतला एक, तोही पास. दोन बहिणी पुण्यात असलेला भाऊ नापास. ब्रिटनमध्ये पालकांचा व्हिसा कागदावर आहे आणि मिळणं जवळपास अशक्य आहे. जर्मनीनं १ मार्च २०२४ पासून, त्यानंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडील आणि सासूसासरे आणण्याची वाट उघडली, पण त्यांचा आरोग्यविमा काढून दाखवावा लागतो, आणि गाडी तिथेच रुतते. नाहीतर सहा महिन्यांत नव्वद दिवसांचा पाहुणचार.

आणि हे सगळं करण्याआधी आईला एकदा विचारावं. बऱ्याच आयांना कर्वेनगर सोडायचं नसतं. भाजीवाला ओळखीचा, भिशी, सकाळची टेकडी, संध्याकाळी देवळात गाठीभेटी. त्यांना हवं असतं ते एवढंच, की रात्री काही झालं तर कोण येईल. तेव्हा प्रश्न बदलतो: मुलगा किती तासांत दारात उभा राहील? मुंबईहून फ्रँकफर्टची थेट फ्लाइट नऊ तासांच्या आसपास, अलीकडे विमानतळ गाठायचं, पलीकडे एक्स्प्रेस वे आणि घाट. सगळं जमून आलं तर अठरा तास. टोरांटोहून किंवा व्हँकुव्हरहून एक दिवस सहज, मध्ये विमान चुकलं तर दीड. फोनचंही असंच. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. आई रात्री जेवायला बसते तेव्हा मुलगा ऑफिसातून निघतोय. टोरांटो साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे, कॅलिफोर्निया साडेबारा-साडेतेरा. तिथे फोन रविवारी सकाळी होतो, म्हणजे आठवड्यातून एकदा होतो. मेलबर्न साडेचार-साडेपाच पुढे, तेवढंच सोयीचं, फक्त आईचा सीरियलचा वेळ आणि नातीची झोप एकाच वेळी येतात.

निघायच्या आधी आईच्या नावानं पॉवर ऑफ अटर्नी इथेच नोंदवून ठेवावी. परदेशातून करायची म्हटली की वकिलातीत सही, मग कागद इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक, आणि नेमकं तेव्हाच सोसायटीचं रिडेव्हलपमेंट निघतं. पुण्यातलं घर भाड्यानं देणार असाल तर अनिवासी घरमालकाच्या भाड्यावर ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस भाडेकरूनं कापायचा असतो. हे ऐकून निम्मे भाडेकरू मागच्या मागे जातात.

एवढं झालं की नवऱ्याकडे वळावं, आणि वळल्यावर घाई करावी, कारण त्याच्या बाबतीत घड्याळ चालू आहे. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर कायमचा रहिवास देणाऱ्या योजनेत, जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला वयाचे २९ पर्यंत १०० गुण असतात. तिशी लागली की दर वाढदिवसाला पाच जातात, चाळिशीनंतर साधारण दहा. छत्तिसाव्या वर्षी ६५ उरले, चाळिसाव्या वर्षी ४५, पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. ऑस्ट्रेलियाचा उतार पायऱ्यांचा: ३३ ते ३९ पर्यंत २५ गुण, चाळिशी लागली की एकदम १५. म्हणजे एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला ऑस्ट्रेलिया घाई लावते आणि कॅनडा हळूहळू पोखरतो. इंग्रजीच्या आयईएल्टीएस परीक्षेत कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवरची नववी पातळी (सीएलबी नऊ) गाठायला श्रवणात ८ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात. लेखनात ६.५ आले की भाषेचे गुण तर जातातच, शिवाय शिक्षण आणि अनुभवाला जोडून मिळणारेही घसरतात. पुण्याच्या इंजिनिअरची लेखनात हमखास फजिती होते. बोलतो छान, पण निबंध ईमेलसारखा मुद्दे टाकत लिहितो. निकाल दोनच वर्षं चालतो, तेव्हा परीक्षा फार आधी देऊनही उपयोग नाही. कॅनडानं मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या ऑफरचे वेगळे गुण काढून टाकले. त्यामुळे 'ऑफर लेटर मिळवून देतो, गुण वाढतील' म्हणत पैसे मागणारा सल्लागार जुनी पुडी विकतोय एवढं ओळखावं.

ब्रिटनला निघालेल्यांनी आणखी एक गणित करावं. व्हिसाच्या अर्जाबरोबर आरोग्य अधिभार सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा असतो: मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, अठराखालच्या मुलाला ७७६. दोन मोठे, एक मूल, पाच वर्षं: १४,२३० पौंड. व्हिसाची फी वेगळी. पंधरा लाखांच्या वर रक्कम पहिल्या पगाराआधी. कंपनी फक्त कर्मचाऱ्याचा अधिभार भरते की कुटुंबाचाही, हे ऑफर स्वीकारण्याआधी लेखी विचारायचं. नंतर विचारलं की एचआर फार गोड उत्तर देतं. उलट जर्मनीत पगारातून पेन्शन, आरोग्य, बेकारी विमा वगैरेंत साधारण पाचवा हिस्सा जातो, वर आयकर, आणि पहिली स्लिप बघून घरात शांतता पसरते. पण सरकारी आरोग्यविम्यात न कमावणारी बायको आणि मूल वेगळा हप्ता न भरता येतात, मुलीचा किंडरगेल्ट, म्हणजे बालभत्ता, २०२५ मध्ये दरमहा २५५ युरो. बायको दोन वर्षं भाषा आणि परीक्षा करणार असेल तर हा आधार लहान नाही.

शहर निवडताना नवऱ्यासाठी एकच कसोटी लावतो: नोकरी गेली तर घर न हलवता दुसरी मिळेल का? जर्मनीतलं वोल्फ्सबुर्ग एका कंपनीचं, फोक्सवॅगनचं, गाव आहे. तिथली ऑफर उत्तम असू शकते, पण ती संपली तर मुलीची शाळा पुन्हा सुटते. श्टुटगार्टच्या आसपास रेल्वेनं तासाभराच्या अंतरात गाड्यांवर काम करणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेच्या एच-वन-बीवर नोकरी गेल्यावर हाताशी साधारण साठ दिवस असतात. कॅनडा-ऑस्ट्रेलियाचं पीआर, म्हणजे कायमच्या रहिवासाचा हक्क, घेऊन गेलेल्याच्या मानेवर ही तलवार नसते. त्याची अडचण वेगळी, त्याला गेल्यावर शून्यापासून नोकरी शोधायची असते. अशानं टोरांटोचाच हट्ट धरू नये. कॅलगरीत विक्रीकर पाच टक्के, ओंटारिओत तेरा. ब्रिटिश कोलंबियात मात्र सरकारी आरोग्यसेवा सुरू व्हायला आल्याचा उरलेला महिना आणि वर दोन महिने थांबावं लागतं, तेवढ्या काळाचा खासगी विमा निघायच्या आधी काढायचा.

शक्य असेल तर एक फेरी करावी, फ्लॅटला करतो तशी. तीही वाईट महिन्यात. टोरांटो फेब्रुवारीत, हॅम्बुर्ग नोव्हेंबर-डिसेंबरात. डिसेंबरात हॅम्बुर्गला सूर्य साडेआठच्या पुढे उगवतो आणि चारला मावळतो. ढग असले की तोही नाही. पुण्यात थंडी म्हणजे स्वेटर आणि हुरडा, त्यामुळे तापमानाची भीती सगळ्यांना असते आणि अंधाराची कुणालाच नसते. प्रत्यक्षात थंडीला जाकीट आहे. या फेरीत प्रेक्षणीय स्थळं सोडून द्यावीत. सकाळी साडेसातला संभाव्य घरापासून शाळेपर्यंत चालून बघावं, बसनं ऑफिसला जावं, दुकानातून आठवड्याची भाजी घ्यावी आणि पावती जपून ठेवावी. भाजणी, गोडा मसाला न्यायचा असतोच, त्याची चिंता नको.

कागदपत्रांत मराठी माणसाची एक खास गोची आहे: नाव. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळ्या रकान्यात. डिग्रीवर तिसराच क्रम. बायकोच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, बीडीएसच्या पदवीवर माहेरचं, डेंटल कौन्सिलच्या नोंदणीवर कदाचित सासरचं, पासपोर्टवर सासरचं, आणि मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं. आपल्याला यात काहीच वावगं दिसत नाही. तिकडच्या कारकुनाला या तीन वेगळ्या बायका दिसतात. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, राज्य राजपत्रात नाव बदलल्याची नोंद असेल तर तिची प्रत, आणि ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, असा जुडगा आधीच करून ठेवावा. मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव आहे का तेही बघावं. हॉस्पिटलनं कळवलेल्या मूळ नोंदीत नुसतं 'स्त्री' आणि आईबापांची नावं असतात, आणि नाव घालायचं राहून गेलेलं असतं. विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट आणि पोलिसांचा दाखला यांना लागणारा वेळ धरून चार महिने आधी सुरुवात केली तर जीव टांगणीला लागत नाही.

या घरानं सगळं मांडून समजा बर्लिन ठरवलं. मुलीला सहावीपर्यंत मुदत, बाईंची बी-वन पुण्यातच होतेय, आई साडेतीन तासांच्या अंतरावर फोनवर. मुलगी चौदाची आणि बायको अकाउंटंट असती तर हेच घर ॲडलेडला गेलं असतं. बर्लिन ठरलं तर पहिला महिना फर्निश्ड घर घ्यायचं, पण असं, जिथे घरमालक पत्त्याच्या नोंदणीचं पत्र देईल. त्याशिवाय 'अनमेल्डुंग' होत नाही. नवीन घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते, आणि पुढची निम्मी कामं तिच्यावर अडतात. कायमचं घर बघताना जाहिरातीतला 'काल्ट' म्हणजे नुसत्या भाड्याचा आकडा बघून खूश होऊ नये, पाणी, कचरा वगैरेंचे पैसे वर चढतात, गरम करण्याचेही. अनामत तीन काल्ट भाड्यांपर्यंत. आणि दार उघडून आत गेल्यावर स्वयंपाकघराच्या जागी भिंतीतून आलेले दोन नळ आणि एक प्लग दिसला तर दचकू नये. आधीचा भाडेकरू ओटा, सिंक, कपाटं, शेगडी, सगळं घेऊन गेलेला असतो. तिथे स्वयंपाकघर हे सामान आहे, घराचा भाग नाही. हा खर्च धरला नसेल तर पहिला महिना इंडक्शनच्या एका प्लेटवर आणि बाथरूमच्या बेसिनवर भांडी घासण्यात जातो.

नोंदणी झाल्यावर करक्रमांक टपालानं येतो, तिघांचा वेगवेगळा, मुलीचाही. बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, शाळेचं पत्र, सगळं टपालानं. इमारतीत फ्लॅटला नंबर नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव बघतो आणि ते नसलं की पाकीट परत. त्यामुळे घराची किल्ली मिळाल्यावर पहिलं काम सामान उघडायचं नाही, पेटीवर आणि बेलवर पाटी लावायची. बाईंचं पासपोर्टवरचं आडनाव वेगळं असेल तर दोन्ही आडनावं लिहायची. पुण्याच्या माणसाला पाटी लिहायला शिकवावं लागत नाही. वर फक्त 'दुपारी बेल वाजवू नये' घालायची गरज नाही, तिथल्या बऱ्याच इमारतींच्या नियमावलीत एक ते तीनची शांतता आधीच छापलेली असते.